कुडव्याचा क्लब, पणजीची बोट

मामा,

काल तुमची तेरवी झाली. आज सकाळी मांडववाला बांबू घेऊन गेला, पाहुणे आपापल्या गावाला निघाले आणि मामी इतक्या दिवसांत पहिल्यांदा सलग दोन तास झोपली. मी इथे क्लबात येऊन बसले आहे. तिन्ही कॅरम बोर्डांवर चादरी टाकलेल्या आहेत. तुम्हाला काही लिहायचं तर ते इथेच बसून लिहावं असं वाटलं, कारण आपलं भांडण इथेच झालं आणि ते अर्धंच राहिलं.

भांडण म्हणजे काय, तुम्ही कधी आवाज चढवला नाही. मी चढवला. तुम्ही ऐकून घ्यायचे, मग एखादंच वाक्य बोलायचे आणि चहा सांगायला उठायचे. ते वाक्य माझ्यासोबत पणजीपर्यंत यायचं.

मी अर्जुनी मोरगावकडून तुमच्याकडे शिकायला आले तेव्हा सहावीत होते. बाबांची धानाची शेती, गावात पुढची शाळा नाही, म्हणून तुम्ही मला गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला घेऊन आलात. शाळा सुटली की मी घरी न जाता आधी क्लबात यायची. टिनाचं छप्पर, तीन कॅरम, मागच्या बाजूला पत्त्यांचे दोन टेबल, आणि भिंतीवर तुमच्या हाताने रंगवलेली पाटी: पैशावर खेळ नाही. हरणाऱ्याने चहा पाजायचा, एवढाच डाव. रेल्वेतून रिटायर झालेले, राइस मिलमधले, पानठेलेवाले, सगळे चपला दाराशी काढून यायचे. मुलीच्या जातीला क्लबात कशाला बसू देता, असं मामी म्हणायची. तुम्ही म्हणायचे, बसू दे, हिशेबात पक्की होईल. पत्ते पिसायला तुम्हीच मला शिकवलंत. माझा हात लहान होता, अर्धी गड्डी खाली सांडायची. तुम्ही न कंटाळता गोळा करून पुन्हा हातात द्यायचे.

त्याच हातांवर मला पुढे नोकरी मिळाली. हॉटेलचं शिक्षण घेतलं, गोव्यात लागले, आणि दोन वर्षांत मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटणारी झाले. हे सांगायची हिंमत मला फक्त तुमच्याजवळ झाली. बाबांना तुम्ही सांगितलंत की पोरगी मोठ्या हॉटेलात आहे. खोटं नव्हतं तसं. त्या बोटीवर जेवणही मिळतं.

गोंदिया स्टेशनवर मला सोडायला आलात तेव्हा माझ्या पाया पडलात. आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, त्यात नवल नाही. पण बोटीवर मी ही गोष्ट सांगितली तेव्हा सोबतच्या मुलींना ती खरी वाटेना. त्यांच्या गावी भाचीच मामाच्या पाया पडते.

पहिल्या सुट्टीत आले तेव्हा तुम्ही सगळं विचारून घेतलंत. किती टेबलं, कोण येतं, कसं वाटता. मी सांगितलं की दिल्ली, हैदराबाद, सुरत, कुठून कुठून लोक विमानाने येतात, दोन दिवस खेळतात, हरतात आणि जातात. त्यांचं नाव आम्हाला माहीत नसतं. टेबल सोडताना आम्ही दोन्ही हात वाजवून उलटेसुलटे करून दाखवतो, वरच्या कॅमेऱ्याला कळावं की हातात काही नाही. आणि गोव्याच्या माणसाला आत यायची मनाई आहे, तसा नियमच निघाला आहे. हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगत होते.

"गोव्याच्या मानसाले काऊन नाही येऊ देत?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, गावातल्या लोकांचे संसार बुडू नयेत म्हणून.

तुम्ही थोडा वेळ स्ट्रायकर बोटाने फिरवत राहिलात. मग म्हणालात, "म्हनजे त्यायले बी मालूम आहे. घरच्यायले जे वाढत नाही, ते पावन्यायले वाढून राहिले तुमी."

मला राग आला. मी म्हटलं, "आणि तुम्ही घरच्यांनाच वाढता, मामा. आमचा पाहुणा दोन दिवसांनी जातो तरी. तुमचा माणूस रोज येतो."

"मी वाढतो तं उठवतो बी," असं म्हणून तुम्ही चहा सांगायला गेलात.

ते खरंही होतं. कोण किती वेळ बसला यावर तुमची नजर असायची. घरी पाहुणे आले आहेत, जा. पोराची परीक्षा आहे, आज खेळायचं नाही. माणूस कुरकुरत उठायचा, पण उठायचा. आमच्या बोटीवर कुणी कुणाला उठवत नाही. उलट उठणाऱ्याला जेवण लागलंय म्हणून सांगतात, म्हणजे तो पुन्हा बसेल. मला हे कळत होतं. पण तुमच्यासमोर कबूल करायचं नव्हतं.

मग ती साथ आली. विमानं बंद, रेल्वे बंद, आणि बोट नदीत नुसती उभी. पहिल्या महिन्यात वाटलं, चार दिवसांची सुट्टी आहे. दुसऱ्या महिन्यात पगार थांबला. माझ्या खोलीतल्या मणिपूरच्या मुलीने खाली रस्त्यावर भाजी विकायला सुरुवात केली. मी रोज संध्याकाळी पुलावर जाऊन बोट पाहून यायची. एवढी मोठी बोट, एवढे दिवे, आणि सगळं दूरच्या लोकांच्या येण्यावर उभं होतं. ते यायचे थांबले तर शेजारचा एकही माणूस आत येऊ शकत नव्हता.

गाड्या सुरू झाल्यावर तीन ठिकाणी बदलत मी गोंदियाला आले. चौदा दिवस मला कुडव्याच्या शाळेत ठेवलं. तुम्ही रोज डबा घेऊन यायचे, भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. डबा कुंपणाशी ठेवून रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली जाऊन उभे राहायचे. आपण एकमेकांना दिसत होतो आणि फोनवर बोलत होतो. येणारेजाणारे आपल्याकडे पाहून हसायचे. तुम्ही मला सांगितलं की क्लब तर बंदच आहे, पण तुम्ही रोज सकाळी एकेका मेंबरला फोन करता. कुणाला खोकला आहे, कुणाच्या घरी दाणे संपले, कुणाची सून माहेरी अडकली. मला तेव्हा हे भाबडं वाटलं. बोटीवरच्या साहेबांनी आमच्यापैकी कुणालाच फोन केला नव्हता, हे मला नंतर सुचलं.

क्लब उघडायची परवानगी मिळाली त्या दिवशी सकाळी दहाला दारात चपलांची रांग होती. मास्क लावून माणसं आली होती. बोलायला आसुसलेली होती. तिकडे माझी बोट अजून कुलपात होती. मला त्या चपला पाहून जे वाटलं ते मी लपवत नाही. मला वाटलं, इथे धंदा आहे. ज्याचं गिऱ्हाईक पायी येतं त्याला विमानाशी देणंघेणं नाही. दुनियाभरची मोठी ठिकाणं ओस पडली आहेत आणि मामाचा टिनाचा क्लब भरला आहे. आणि मी घरात नुसती बसून आहे.

पत्त्यांचा टेबल नीट लावू, ही कल्पना माझी होती. हिरवं कापड मी शिवून घेतलं. प्लास्टिकच्या चकत्या मी नागपूरहून मागवल्या. तुम्ही नाही म्हणालात. मी म्हटलं, चकत्याच तर आहेत, पैसे कुठे आहेत, पाटी भिंतीवर आहेच. तुम्ही पुन्हा नाही म्हणालात. मग मी रडले, मामा. मी म्हटलं, मला एवढंच येतं, एवढंच काम मला येतं आणि ते करायला जागा नाही. तेव्हा तुम्ही टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून हिरव्या कापडासाठी जागा करून दिलीत.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नव्हती. चकत्या क्लबाबाहेर, पानठेल्याच्या मागे, पैशांत बदलल्या जात होत्या. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. हे इतक्या वर्षांत मी तुम्हाला सांगितलं नाही.

देवचंद रोज दुपारी यायचा. आपल्या गल्लीतला, शाळेच्या पोरांचा ऑटो चालवणारा. शाळा बंद, म्हणून ऑटो अंगणात. क्लबात तो पूर्वी फक्त कॅरम खेळायचा आणि राणी घेतली की लाजून हसायचा. तो पत्त्यांवर बसू लागला तेव्हा मला बरं वाटलं, एक माणूस वाढला म्हणून. बोटीवर आम्हाला शिकवतात की समोरच्याच्या हाताकडे पाहा, चेहऱ्याकडे नाही. मी त्याच्या हाताकडे पाहत होते. हात आधी पत्ते सावकाश उचलायचे. मग घाईने उचलू लागले. मग शेवटी शेवटी पत्ता उलटा करून पाहण्याआधीच चकत्या पुढे सरकवू लागले. असे हात मी बोटीवर खूप पाहिले आहेत. मला नेमकं माहीत होतं की ते कशाचे हात आहेत.

आणि तुम्ही? इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे. उठवतो बी, म्हणाला होतात ना? तुम्ही का नाही उठवलंत त्याला? चार पावलांवर तुम्ही कॅरमवर पावडर टाकत होतात. तुम्हाला वाटत होतं की तो चकत्यांवर मन रमवतो आहे, घरात बसून वेडा होण्यापेक्षा बरं. शेजाऱ्याला आपण रोज पाहतो म्हणून तो आपल्याला कळतो असं तुम्ही धरून चालला होतात. मला वाटतं, रोज पाहिल्यामुळेच कधीकधी दिसत नाही. हे मी तुम्हाला फोनवर बोलणार होते. शब्द जुळवून ठेवले होते. बोलले नाही.

त्या दिवशी दुपारचे चार वाजले असतील. देवचंदची बायको सुनीता दारात आली. तिने चपला काढल्या. मला आजही ते सगळ्यात जास्त लागतं, की तिने आत यायच्या आधी चपला काढल्या. नवऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. तुम्हाला म्हणाली, "भाऊ, आटो अंगनात नाही. कोनाकडे गेला तेवढं सांगा."

देवचंदची मान खाली गेली. तुम्ही त्याच्याकडे पाहिलं, मग हिरव्या कापडाकडे, मग माझ्याकडे. तुम्हाला सगळं एकदमच कळलं असावं. पावडरचा डबा खाली ठेवलात, सगळ्यांना घरी जायला सांगितलंत आणि देवचंदला घेऊन बाहेर पडलात.

हरलेल्या पैशांपोटी ऑटो ज्याच्याकडे गेला होता तो आपलाच मेंबर, दोन गल्ल्या पलीकडचा. तुम्ही त्याला काय म्हणालात, काय कबूल केलंत, हे मला कधी कळलं नाही. मामीलाही माहीत नाही. तासाभराने ऑटो परत आला. त्यात पेट्रोल नव्हतं. देवचंद हँडल धरून पुढे बसला होता आणि तुम्ही मागून ढकलत होतात. साठी उलटलेला माणूस, पांढरा सदरा पाठीला चिकटलेला, मास्क हनुवटीवर आलेला. दिवसाढवळ्या कुडव्याच्या मधल्या रस्त्याने. लोक दारात येऊन पाहत होते, कुणी हात लावायला पुढे आलं तर तुम्ही मानेनेच नाही म्हणत होतात. मी क्लबाच्या पायरीवर उभी होते. माझ्यासमोरून गेलात, तरी पाहिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकच विचारलंत. "बाई, तुले त्याचा चेहरा दिसून नाही राहिला होता का?"

मी म्हटलं, आम्हाला चेहरा पाहायचा नसतो.

दोन्ही टेबलं त्याच दिवशी अंगणवाडीला देऊन टाकलीत. पुढे महिनाभराने बोट सुरू झाली आणि मला बोलावणं आलं. स्टेशनवर तुम्ही आलात, माझी बॅग गाडीत ठेवलीत आणि नेहमीसारखे माझ्या पाया पडलात. मला तेव्हा वाटलं की ही शिक्षा आहे. दरवाजात उभी राहून मी ढसाढसा रडले, तर तुम्ही समजलात की मला जायचं नाही, आणि गाडी हलेपर्यंत मला हिंमत देत राहिलात.

बोटीवर सगळं बदललं होतं. काचा लावल्या होत्या, खुर्च्या निम्म्या केल्या होत्या, पत्ते सारखे बदलत होते. पाहुणे मात्र येत नव्हते. आठवडेच्या आठवडे आम्ही रिकाम्या टेबलांसमोर उभ्या राहायचो. मी मनात तुलना करत राहायची. पाहुणा येतो तेव्हा त्याच्याजवळ काहीतरी जास्तीचं असतं. नसेल तर तो घरी राहतो, आणि बोट उपाशी राहते. शेजारी उलटा आहे. त्याच्याजवळ काही उरलं नाही तेव्हाच तो सकाळी दहाला दारात येऊन चपला काढतो. म्हणून संकटात आपला क्लब भरला होता. ती भरभराट नव्हती. मला ती दिसली तशी, कारण मी चपला मोजल्या आणि त्या कुणाच्या आहेत ते पाहिलं नाही.

हळूहळू लोक येऊ लागले. एकदा माझ्या टेबलावर रायपूरकडचा एक माणूस बसला. बोलण्यावरून ओळखलं, आपल्याच बाजूची हिंदी. त्याचे हात घाईने चालू लागले तेव्हा मी पत्ता वाटायची थांबले आणि त्याला विचारलं, "भैया, घर में कौन कौन है?" तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. पण थोड्या वेळाने तो उठून गेला. मला त्या दिवशी टेबलावरून काढलं आणि साहेबांनी समज दिली. पुन्हा असं केलंस तर नोकरी राहणार नाही म्हणाले. मी पुन्हा केलं नाही. खोटं कशाला सांगू, नोकरी हवी आहे. पण ते एकदाचं मला तुम्हाला सांगायचं होतं. मी फोन लावला आणि तुम्ही विचारलंत की तिकडे पाऊस आहे का. मी म्हटलं, आहे. तुम्ही म्हणालात, चोरखमाऱ्याचं तळं भरलं यंदा. असेच आपण पुढची सगळी वर्षं बोललो. पाऊस, धान, मामीचे गुडघे.

तुमची बातमी आली तेव्हा मी ड्यूटीवर होते. कॅरम खेळता खेळता बसल्या जागी गेलात म्हणे. समोर देवचंद होता. त्याला आधी वाटलं की तुम्ही नेम धरून बसला आहात.

खांद्यालाही तोच पुढे होता. तिसऱ्या दिवशी राख सावडून परत येताना तो माझ्या बाजूने चालत होता. पोरांचा ऑटो अजून चालवतो, मुलगी बारावीला आहे. आपणहून बोलू लागला. म्हणाला, मामाजी त्या वेळी आमच्या घरी आले होते, माझी आणि सुनीताची माफी मागायला. "म्हने, तो टेबल लावाची अक्कल माहीच होती. पोरगी तं नाही म्हनून राहिली होती, मीच आयकलो नाही." आमच्याच घरी नाही, चार घरी जाऊन सांगितलं म्हणे.

मी रस्त्यातच उभी राहिले. देवचंदला वाटलं की दुःखाने. त्याने मला हाताला धरून कडेला बसवलं.

मग दहा दिवस मी ते पोटात ठेवून वावरले. येणारी प्रत्येक बाई माझ्या तोंडावरून हात फिरवत होती आणि मला वाटत होतं, यांना माहीत नाही. भाचीचं नाव खराब होऊ नये म्हणून तुम्ही स्वतःचं केलंत, आणि मी पणजीला बसून समजत होते की तुम्ही माझ्यावर रुसला आहात. एकदा फोनवर सांगितलं असतंत तर मी पहिल्या गाडीने आले असते. कदाचित म्हणूनच सांगितलं नाहीत.

काल जेवणं उठल्यावर सुनीता मागच्या अंगणात भाताची पातेली आणि गंज घासत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. "वहिनी, तो टेबल मी लावला होता. मामा नाहीच म्हणत होते. पानठेल्यामागे काय चालतं ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं."

तिने हात थांबवला नाही. गंज पालथा करून त्यावर पाणी टाकलं.

"मालूम आहे," ती म्हणाली. "सगळ्यायले मालूम आहे. तुह्या मामाले खोटं बोलता येत होतं का? माफी मागाले आले तं पुरे कपडे ओले झाले होते घामानं. देवचंदले म्या त्याच दिवशी म्हनलं, हे भाऊचं काम नाही होय. पन येवढे घरोघर फिरून सांगून राहिले, तं आमी म्हनलं, सांगू द्या."

देवचंदनेही मला तुमचंच खोटं सांगितलं होतं, तुम्ही सांगितलं तसं. त्याला खरं माहीत असताना.

मी सुनीताला म्हटलं, मला माफ करा. ती म्हणाली, तो गंज इकडे सरकव. मग आम्ही दोघींनी उरलेली सगळी भांडी घासली.

परवा मी परत चालले आहे. बोट सोडणार की नाही, हे मला अजून कळत नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही एक वाक्य बोलून चहा सांगायला गेला असतात. क्लबाची किल्ली मामीने देवचंदला द्यायचं ठरवलं आहे, ते मात्र बरं झालं.

पण हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती मला स्वतःलाच काल कळली. इतकी वर्षं तुम्ही आपल्याच गल्लीतून मान खाली घालून जात होतात. मामी सांगते, देवचंदच्या घरावरून जाताना तुमची चाल बदलायची. तुम्हाला वाटत होतं की लोक तुम्हाला दोष देतात, आणि तो तुम्ही माझ्याऐवजी घेऊन चालला आहात.

कुडव्यात कुणीही तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता, मामा. एकानेही नाही.